सोयाबीन दाट पेरल्याने उतारा वाढतो का? अंतराचा हिशोब समजून घ्या

खरिपाची पेरणी जवळ आली की गावात हिशोब ठरलेला असतो – एकरी ३० किलो. उगवण कमी होईल या भीतीने काही जण वरून पाच-सात किलो जास्तच टाकतात. पण उतारा किलोवर नाही, तर शेतात झाडे किती आणि किती अंतरावर उभी आहेत यावर ठरतो.

अंतर किती ठेवावे?
साधारण शिफारस दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन झाडांत ५ सेंमी अशी आहे. म्हणजे ओळीत मीटरला २० झाडे, एकरात सुमारे १ लाख ८० हजार.

दाट झाले तर
झाडे उजेडासाठी उंच वाढतात, खोड बारीक राहते, फांद्या कमी फुटतात. खालच्या शेंगा कमी लागतात आणि वारा-पावसात पीक लोळते. फवारणीचे औषध आतपर्यंत पोहोचत नाही.

विरळ झाले तर
फांद्या वाढून थोडी भरपाई होते. मात्र मोकळ्या जागेत तण माजते, ओल लवकर उडते. लवकर येणाऱ्या, कमी फांद्यांच्या वाणाला ही भरपाई जमत नाही. त्यामुळे असे वाण किंवा उशिराची पेरणी असेल तर ओळी ३० सेंमीवर घेतात. फांद्या जास्त करणाऱ्या वाणाला ४५ सेंमीच बरे.

बियाणे किती लागेल?
१०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात. ७० टक्के उगवले तर पावणेदोन लाख झाडे, म्हणजे बरोबर. ९० टक्के उगवले तर सव्वादोन लाख, म्हणजे मीटरला २५ झाडे, दाटी झालीच! दाणा बारीक असेल तर दाटी आणखी वाढते. म्हणून आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा, मगच किलो ठरवा. बी ३ ते ४ सेंमीपेक्षा खोल पडू देऊ नका.

उगवल्यावर मोजा
आठ-दहा दिवसांनी एक मीटरची काठी घेऊन शेतात पाच ठिकाणी झाडे मोजा. सरासरी २० च्या आसपास आली तर काळजी नाही. फारच कमी असतील तर ओल आहे तोवर लगेच नांगे भरा. दाट असतील तर विरळणी करा. उशिरा भरलेली झाडे मागे पडतात.