भोपाळ आणि 'तात्पुरती' इजा

भोपाळ म्हटलं की आपल्याला २-३ डिसेंबर १९८४ची ती एक रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट जुन्या शहरावर पसरला. पण मंडळी, जे वाचले त्यांची गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगतच राहिला. लोक धापा टाकत पळाले आणि तेवढाच जास्त वायू आत गेला. फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांचं अस्तर त्याने जाळलं. जखम भरली, पण व्रण ठेवून. व्रणाने अरुंद झालेली नळी पुन्हा रुंद होत नाही. आयसीएमआरने १९९४ पर्यंत पाठपुरावा केला, तेव्हाही लोकांचा दम लागणं थांबलेलं नव्हतं.

आणि कागदावर? १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेकांची इजा 'तात्पुरती' ठरली, हातात आधी २५ हजार रुपये. भरपाई वाढवून मागणारी सरकारची याचिका सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये फेटाळली.

तिकीट क्लोज केलं म्हणजे बग सुटला असं नसतं, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. इथे तर बग माणसांच्या छातीत आहे.