उशी बरोबर, कारण चूक

आधी एक छोटासा प्रयोग. खुर्चीत ताठ बसा. शेजारच्या घरात कांदाभजी तळली जातायत अशी कल्पना करा आणि तो वास नीट हुंगायचा प्रयत्न करा. (ऑफिसात असाल तर आजूबाजूला बघून करा :-) ) काय झालं? मान पुढे गेली आणि हनुवटी किंचित वर उचलली गेली. बरोबर?

याला डॉक्टर लोक 'स्निफिंग पोझिशन' म्हणतात. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करायचं असलं की बऱ्याचदा पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्याआधी त्याच्या डोक्याखाली सात ते दहा सेंटीमीटर उंचीची उशी ठेवून डोकं मागे झुकवतात, म्हणजे अगदी हीच पोझ, फक्त आडवी. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण या एवढ्याशा उशीचा इतिहास वाचायला घेतला आणि दोन वीकांत त्यातच गेले.

मुळात अडचण काय आहे? माणूस उताणा झोपला की तोंड छताकडे असतं आणि श्वासनलिका पायांच्या दिशेला जाते. म्हणजे वाटेत जवळजवळ काटकोनी वळण. प्रकाश तर सरळच जातो. आणि मध्ये जीभ असते! १८५४ साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने आरसे वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. पुढची चाळीस वर्षं डॉक्टरही आरशातूनच बघत राहिले. मग १८९५ साली बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइनला कळलं, की अन्ननलिकेत घालायची नळी एका सहकाऱ्याच्या हातून चुकून श्वासनलिकेत गेली. नळी जाते तर नजर का नाही जाणार, या विचाराने त्याने आरशाशिवाय थेट स्वरयंत्र पाहून दाखवलं.

पुढचा माणूस अमेरिकेतला शेव्हॅलियर जॅक्सन. लोकांनी गिळलेली नाणी, टाचण्या, बटणं घशातून आणि फुप्फुसातून काढण्यात याची हयात गेली. अशा दोन हजारांहून जास्त वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. त्याने १९१३ साली लिहिलं, की पेशंटचं डोकं टेबलावरच ठेवून पूर्ण मागे झुकवा. उशीबिशी काही नाही.

उशी आली ती युद्धातून. पहिल्या महायुद्धात ज्यांचे चेहरे उद्ध्वस्त झाले, अशा सैनिकांवर इंग्लंडमध्ये सिडकपच्या हॉस्पिटलात सर्जन हॅरॉल्ड गिलीज प्लास्टिक सर्जरी करत होता. आता चेहऱ्यावरच ऑपरेशन करायचं तर भुलेचा मास्क ठेवायचा कुठे? तिथे भूल देणाऱ्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालायचं तंत्र घोटून घोटून बसवलं. मॅगिल तर नाकातून घातलेली नळी नुसत्या श्वासाच्या आवाजावरून, न बघता, नेमकी जागेवर नेत असे. डोकं उशीवर उचला आणि हवा हुंगल्यासारखं ठेवा, हे त्याने १९३६ साली लिहिलं. का ठेवायचं याची थिअरी वगैरे काही नाही. हाताला कळलं होतं, ते सांगितलं.

मग १९४२ ते १९४४ या तीन वर्षांत सगळं बदललं. १९४२ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथने ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं. हे स्नायू ढिले करणारं औषध. सर्जनचं काम सोपं झालं, पण भरपूर डोस दिला की पेशंटचा श्वासच थांबतो. म्हणजे त्याचा श्वास चालवण्याची जबाबदारी आता दुसऱ्याच्या हातात! १९४३ साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉशने वक्र पात्याचा लॅरिंगोस्कोप आणला, जो आजही जगभर वापरतात. आणि १९४४ साली बॅनिस्टर आणि मॅकबेथ या दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये उशीमागचं कारण सांगितलं.

कारण असं : तोंडाची एक रेषा, घशाची दुसरी, स्वरयंत्राची तिसरी. उशी ठेवली की घशाची आणि स्वरयंत्राची रेषा जुळते. डोकं मागे झुकवलं की तोंडाची रेषाही त्यांना येऊन मिळते. तिन्ही एका ओळीत, नजर थेट आत. किती सुंदर! आकृती काढायला सोपी, परीक्षेत लिहायला सोपी. पुढची ५७ वर्षं पाठ्यपुस्तकांतून हीच आकृती छापली जात होती. १९८९ साली तर हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी कोन मोजून आकडेही दिले : मान पुढे ३५ अंश, चेहरा मागे १५ अंश.

आणि मग २००१ साली फ्रेडरिक आद्ने या फ्रेंच डॉक्टरने एक साधी गोष्ट केली. त्याने खरंच बघितलं. आठ निरोगी माणसांचे एमआरआय काढले : डोकं सरळ ठेवून, नुसतं मागे झुकवून आणि हुंगण्याच्या पोझमध्ये. तिन्ही रेषा एका ओळीत आल्या का? एकाही पोझमध्ये नाही! त्याच वर्षी त्याने ४५६ पेशंटांवर दुसरा अभ्यास केला. नुसतं डोकं मागे झुकवण्याच्या तुलनेत हुंगण्याच्या पोझमुळे १८ टक्के लोकांत स्वरयंत्र जास्त चांगलं दिसलं, ११ टक्क्यांत उलट वाईट दिसलं आणि उरलेल्यांत काहीच फरक नाही. खरा फायदा झाला तो लठ्ठ लोकांना आणि ज्यांची मान नीट हलत नाही त्यांना.

यावर वाद झालाच. जाग्या माणसाचा, तोंडात लॅरिंगोस्कोप नसतानाचा एमआरआय कसा चालेल, असे आक्षेप आले, आणि त्यात तथ्यही आहे. पण मूळ आकृतीला पडलेला तडा काही बुजला नाही.

आमच्या धंद्यात हा प्रकार रोज दिसतो. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ असते आणि तिच्या डोक्यावर कॉमेंट. ओळ काम करते, कॉमेंट साफ चुकीची असते. प्रॉडक्शन चालू आहे ना, मग कोण बघतंय? अडचण येते ती नवीन परिस्थितीत. कारण तेव्हा आपण ओळीवर नाही, कॉमेंटवर विश्वास ठेवून बदल करतो.

उशीचंही तसंच. खूप लठ्ठ माणसाला तीच नेहमीची उशी दिली तर पाठीच्या जाडीमुळे डोकं तरीही मागेच पडतं. आणि त्याच्याकडे वेळ कमी असतो. आधी भरपूर ऑक्सिजन देऊन श्वास थांबवला, तर धडधाकट माणसाला साधारण सात-आठ मिनिटं मिळतात; खूप लठ्ठ माणसाला तीनच्या आसपास. २००४ साली कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी अशा ६० पेशंटांवर दाखवलं, की खांद्यापासून डोक्यापर्यंत चादरींचा उतार रचून कानाचं भोक आणि गळ्याखालची खळगी एका आडव्या रेषेत आणली तर जास्त चांगलं दिसतं. इथे उशीची उंची महत्त्वाची नाही, समोरच्या माणसाचं शरीर महत्त्वाचं.

मग सगळ्यांनाच उतार द्यावा का? अमेरिकेत आयसीयूमधल्या २६० अत्यवस्थ पेशंटांवर हे करून पाहिलं. पलंगाचा वरचा भाग उचलला, आणि तुलनेला सपाट पलंगावरची आपली जुनी हुंगण्याची पोझ. २०१७ साली निकाल आला : ऑक्सिजनच्या पातळीत फरक नाही, उलट उतारावर स्वरयंत्र नीट न दिसण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्के, जुन्या पोझमध्ये साधारण ११ टक्के. म्हणजे नव्या नियमालाही तीच शिक्षा :-)

मला यात मॅगिल सगळ्यात भावतो. त्याने कारण सांगितलं नाही म्हणून त्याचं वाक्य आजही टिकून आहे. कारण नको असं मी म्हणत नाही, कारण हवंच. पण आकृती सुंदर आहे म्हणून ती खरी, हे गृहीत धरलं की पन्नास-पन्नास वर्षं कोणी तपासत नाही.

असो, फार लांबलं. एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. आई-बाबांचं ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञ तोंड उघडायला आणि मान मागे टाकायला सांगतात. तो उपचार म्हणून उरकू देऊ नका. मान आखडलेली असेल, दात हलत असेल, कवळी असेल, पूर्वी कधी नळी घालताना त्रास झाला असेल, तर ते न विचारताही सांगा. कुणाला किती उशी लागेल हे पुस्तकातल्या रेषांवरून नाही, त्या मानेवरून ठरतं.