रेकॉर्डिंगमधून गायब झालेली गोळी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला लावून खेळायचे व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक १९८३ च्या जपानी 'फॅमिकॉम'च्या नकला. आणि टीव्ही? आमच्या वाळूजच्या बाजूला व्हिडिओकॉन हे घरचंच नाव. पैठण रोडवर चितेगावला त्यांचा कारखानाच होता.

आपल्या पाल पद्धतीत टीव्ही चित्र दोन फेऱ्यांत काढायचा: एकदा विषम ओळी, एकदा सम. सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे २५ चित्रं. गेम मात्र प्रत्येक फेरी त्याच ओळींवर पाठवायचा, म्हणून त्याची ५० पूर्ण चित्रं. त्यात फॅमिकॉमला एका ओळीवर आठच हलत्या आकृत्या जमायच्या. जास्त झाल्या की गेम त्या आळीपाळीने दाखवायचे. गोळ्या लुकलुकायच्या त्या म्हणून.

आता रेकॉर्डिंगची गंमत. साध्या कॅप्चर कार्डाला हे नेहमीचं टीव्हीचं चित्र वाटतं. त्याने दोन फेऱ्या एकत्र विणल्या, तर कडा कंगव्यासारख्या दिसतात. एक फेरी टाकून दिली, तर लुकलुकणारी गोळी चक्क गायब! खेळाडू मरतो, पण कशाने ते कळतच नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक फेरी स्वतंत्र चित्र धरायची आणि सेकंदाला ५० चित्रं ठेवायची.

व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला, पण तोवर सपाट पडदे आलेच होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. ट्यूबवाले टीव्ही भंगारात चाललेत. पुढच्या पोरांना हे खेळ रेकॉर्डिंगमधूनच कळणार. निदान गोळी तरी दिसू द्या त्यांना!