अर्थसंकल्पाला सशर्त पाठिंबा : छोट्या पक्षांचे बळ आणि मर्यादा

राज्याचा अर्थसंकल्प मुंबईत मांडला जातो. त्याचे परिणाम मात्र राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरील दुकानदाराला कराच्या दरात, शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थ्याला शुल्कसवलतीत आणि करवीर तालुक्यातील ऊस उत्पादकाला शेतीपंपाच्या वीजबिलात जाणवतात. म्हणूनच मोजके आमदार असलेला एखादा पक्ष अर्थसंकल्पाला 'पाठिंबा, पण अटींसह' असे जाहीर करतो, तेव्हा त्या 'पण'ला नेमके किती वजन असते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवले जाते. त्यानंतर सर्वसाधारण चर्चा, खातेनिहाय मागण्यांवर मतदान आणि शेवटी विनियोजन विधेयक असा क्रम असतो. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान केवळ विधानसभेत होते. धनविधेयकाबाबत विधान परिषदेला 14 दिवसांच्या आत शिफारशी करता येतात. त्या स्वीकारण्याचे बंधन विधानसभेवर नसते. मागणी नामंजूर झाली किंवा विनियोजन विधेयक फेटाळले गेले, तर सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला, असे संसदीय संकेतानुसार मानले जाते.

छोट्या पक्षाचे बळ या संकेतात आहे आणि त्याची अडचणही त्यातच आहे. एखाद्या खात्याच्या तरतुदीवर नाराज असलेला पक्ष कपात सूचना देऊ शकतो. पण ती मतदानाला टाकून संमत करून घेतली, तर सरकारच कोसळण्याची वेळ येते. त्यामुळे बहुतेक कपात सूचना चर्चेनंतर मागे घेतल्या जातात आणि खरी घासाघीस समन्वय समितीच्या बैठकांत होते.

महाराष्ट्रात या राजकारणाचा ठळक अनुभव शेतकरी कामगार पक्षाचा आहे. 1978 मध्ये शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात शेकापचे प्रा. एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त झाले. पुढे 1985 ते 1990 या काळात प्रा. पाटील यांनी विधानसभेत कोल्हापूरचे प्रतिनिधित्व केले.

1999 च्या निवडणुकीत 288 सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसला 75 आणि राष्ट्रवादी काँग्रेसला 58 जागा मिळाल्या. दोघांची बेरीज 133. बहुमताला हव्या होत्या 145. या बारा जागांच्या तुटीमुळेच शेकापच्या पाच आमदारांना मोल आले. विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली लोकशाही आघाडीचे सरकार स्थापन झाले. अर्थखाते जयंत पाटील यांच्याकडे गेले, शेकापचे गणपतराव देशमुख मंत्री झाले आणि आघाडीच्या निमंत्रकपदाची जबाबदारी प्रा. एन. डी. पाटील यांच्याकडे आली. दाभोळ वीज प्रकल्पाला कडाडून विरोध करणारे प्रा. पाटील अशा रीतीने सत्ताधारी आघाडीचे दुवा बनले.

ही साथ 2002 मध्ये तुटली. मात्र ती अर्थसंकल्पावरून तुटली नाही. रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादी काँग्रेसने शिवसेनेशी हातमिळवणी केली, ही शेकापची तक्रार होती. शरद पवार हे प्रा. पाटील यांचे मेहुणे. तरीही ते नाते आघाडी टिकवू शकले नाही. 13 जून 2002 रोजी सरकारने विश्वासदर्शक ठराव 143 विरुद्ध 133 मतांनी जिंकला. धोरणावरील मतभेद चर्चेत रेटून नेता येतात. पण आपल्या बालेकिल्ल्यावरच घाव पडला, तर छोट्या पक्षापुढे फारसा पर्याय उरत नाही, हे त्यातून दिसले.

कोल्हापूर जिल्ह्याने दुसरा अनुभव स्वाभिमानी पक्षाच्या रूपाने घेतला. राजू शेट्टी यांचा हा पक्ष 2014 मध्ये भाजपच्या आघाडीत होता. 2016 मध्ये सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले. जून 2017 मध्ये शेतकऱ्यांच्या संपानंतर राज्याने सुमारे 34 हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. त्यानंतर ऑगस्टमध्ये पक्ष आघाडीतून बाहेर पडला. खोत मात्र मंत्रिपदावर राहिले. एप्रिल 2022 मध्ये याच पक्षाने महाविकास आघाडीशीही फारकत घेतली. आपलाच सहकारी मंत्रिमंडळात बसला की अटींची धार बोथट होते, हा यातील धडा आहे.

याउलट कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात विधानसभेत नसलेले प्रा. पाटील रस्त्यावर उतरले. सर्वपक्षीय आंदोलनानंतर 2015 च्या अखेरीस शासनाने टोल रद्द करण्याची घोषणा केली. मंत्रालयातील बैठकांपेक्षा जनतेचा रेटा प्रभावी ठरू शकतो, हे शहराने तेव्हा अनुभवले.

सशर्त पाठिंब्याची कसोटी घोषणेत नसते. अटी लेखी आहेत काय, त्यांना मुदत आहे काय, तरतूद झालेला पैसा वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्च झाला काय आणि पुरवणी मागण्यांच्या वेळी पक्षाने त्याचा हिशेब मागितला काय, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे नसतील, तर अटींसह दिलेला पाठिंबा आणि विनाअट पाठिंबा यांत मतदाराच्या दृष्टीने काहीच अंतर उरत नाही.