‘शिवकल्याणराजा’ आणि आपली दुभाषी घरे
१९७४ साली, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त, ‘शिवकल्याणराजा’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर लतादीदींचा. सुटी गाणी गोळा न करता सारी एकाच विषयाभोवती गुंफली. तीत समर्थ रामदास आहेत, कुसुमाग्रज आहेत. पण आपण पांढुर्णा-सौंसरकरांनी थांबावे ते कवी भूषणापाशी. त्याचा व्रजभाषेतील छंद मराठी पदांच्या पंगतीत, अनुवादाविना, तसाच गायला आहे.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीची भाषा हिंदी झाली; मराठी स्वयंपाकघरात उरली. आता नातवंडे तिथेही हिंदीतच उत्तर देतात. त्यांना ही गाणी ऐकवा. भूषण आधी उमगेल. त्याचे बोट धरून रामदासही कळतील. एका तबकडीवर दोन्ही भाषा नांदल्या, तर आपल्या घरात का नांदू नयेत?