भांडणाचे शिक्षणमूल्य

लहान मुलांचे भांडण झाले की घरात आणि बालवाडीत बहुधा एकच उपाय होतो. मोठे माणूस मध्ये पडते, वस्तू एकाच्या हातून काढून दुसऱ्याला देते आणि 'सॉरी म्हण' असे फर्मावते. गोंगाट थांबतो, पण मूल काही शिकत नाही. भावनिक आणि सामाजिक कौशल्ये उपदेशाने येत नाहीत. अशाच अडचणीच्या वेळी, मोठ्यांच्या माफक मदतीने ती अंगवळणी पडतात, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आधी अर्थ स्पष्ट करू. आपल्याला काय होते आहे ते ओळखणे, ते शब्दांत सांगता येणे आणि आवेगाला आवर घालणे ही भावनिक कौशल्ये. मागणे, थांबणे, नकार देणे, नकार पचवणे आणि तडजोड करणे ही सामाजिक कौशल्ये. दुसरा गट पहिल्यावर उभा असतो. संतापाने थरथरणारे मूल तडजोड करू शकत नाही.

या घडणीला एक क्रम आहे आणि प्रत्येक टप्प्यावर मोठ्यांचे काम बदलते.

१. शांत होणे. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःला सावरता येत नाही. मोठ्यांचा संथ आवाज, जवळ घेणे, थोडा वेळ देणे यांच्या आधाराने ते सावरते. अशा वेळी 'रडू नकोस, मोठा झालास ना!' हे वाक्य निरुपयोगी ठरते. तेव्हा गरज आधाराची असते, समजुतीची नंतर.

२. नाव देणे. 'तुला राग आला, कारण तुझी पाळी असताना त्याने सायकल घेतली.' अशा वाक्यातून मुलाला भावना, तिचे कारण आणि ती सांगण्याची भाषा एकदम मिळते. राग चूक नाही, मारणे चूक आहे, हा फरकही इथेच करून देता येतो.

३. दुसऱ्याचे मन कळणे. मानसशास्त्रज्ञ विमर आणि पर्नर यांनी 1983 मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली. माक्सी कपाटात चॉकलेट ठेवून जातो. त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा नवी जागा सांगतात, कारण आपल्याला माहीत आहे ते माक्सीला माहीत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी ही समज येते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला 'त्याला काय वाटेल याचा विचार कर' असे नुसते सांगणे व्यर्थ. 'बघ, तो रडतोय' असे दाखवावे लागते.

४. वाटाघाट. इथे मोठ्यांनी न्यायाधीशाची जागा सोडावी. दोघी एकच बाहुली ओढत असतील, तर बाई बाहुली आपल्या हातात धरतात, दोघींचे म्हणणे ऐकतात, ते मोठ्याने परत सांगतात आणि विचारतात, 'बाहुली एक, तुम्ही दोघी. आता काय करायचं?' सुचलेला तोडगा मोठ्यांना विचित्र वाटला तरी दोघींना मान्य असेल तर चालू द्यावा. मुलींनी स्वतः ठरवलेला नियम लादलेल्या नियमापेक्षा जास्त टिकण्याची शक्यता असते.

असा तोडगा पाळायचा तर थांबता यावे लागते, आणि वाट पाहण्याची ही क्षमता केवळ मुलाच्या स्वभावाची बाब नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील किड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 28 मुलांवर प्रयोग केला. निम्म्या मुलांना दिलेला शब्द आधी पाळला गेला, निम्म्यांना दिलेला मोडला गेला. मग 'थांबलात तर एकाऐवजी दोन मार्शमेलो' असे सांगितले. पहिल्या गटातील 14 पैकी 9 मुले पूर्ण 15 मिनिटे थांबली, दुसऱ्या गटातील एकच. संयम शिकवणाऱ्याने आधी दिलेला शब्द पाळावा, हा याचा अर्थ.

परिसराची मांडणीही शिकवते. माँटेसरी पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधन एकच असते, ते मुद्दाम. दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबणे हा तिथे रोजचा पाठ असतो. हीच पद्धत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून परिसरातल्या वस्तूंवर भर दिला. म्हणजे या शिक्षणाला पैसा फारसा लागत नाही. लागते ते जाणकार मोठे माणूस.

यावर रास्त आक्षेप असा, की मुलांवर सोडले तर दांडगाच जिंकेल. म्हणून भांडण आणि दादागिरी यांत भेद करावा. भांडणात बळ साधारण सारखे असते आणि दोघांनाही काही हवे असते. दादागिरीत एकाच मुलाला पुन्हापुन्हा लक्ष्य केले जाते आणि ते प्रतिकार करू शकत नाही. तिथे, किंवा इजेचा धोका असेल तिथे, मोठ्यांनी तत्काळ थांबवावे. वाटाघाट करायला लावणे हा त्या मुलावर अन्यायच होईल.

ही कौशल्ये शिकवायला आठवड्यातून एक 'मूल्यशिक्षणाचा तास' अपुरा आहे. संशोधक डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये शाळांतील अशी कौशल्ये शिकवणाऱ्या 213 कार्यक्रमांचा आढावा घेतला. टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्ष सरावातून शिकवणारे कार्यक्रम अधिक परिणामकारक आढळले, आणि वर्गशिक्षकांनी राबवलेलेही यशस्वी ठरले. बाहेरचा तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी पुढच्या भांडणात निकाल देण्याची घाई करू नये. आधी शांत करावे, मग दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि तोडगा मुलांकडून येऊ द्यावा.