डब्लिनचा अपक्ष : टोनी ग्रेगरी

आपल्याकडे अपक्ष निवडून आला, की दुसऱ्या दिवशी पारावर पहिला प्रश्न असतो, "कितीला गेला?" आमच्या गावात सरपंचाच्या निवडीआधी एक सदस्य चार दिवस सहलीलाच गेला होता! म्हणून आज अशा एका अपक्षाची गोष्ट सांगते, ज्याचा सौदा सगळ्या देशानं ऐकला. देश आयर्लंड, साल १९८२.

टोनी ग्रेगरी यांचा जन्म १९४७ चा, डब्लिन शहराच्या जुन्या, गरीब भागातला. वडील बंदरावर कामाला, आई हॉटेलात वाढपीण. एका खोलीत संसार. आई नगरपालिकेकडं घर मागायला गेली, तर तिला सांगितलं की सहा मुलं झाल्यावर या. तिला दोनच मुलगे होते. शेवटी पैपै साठवून त्यांनी लहानसं घर घेतलं. टोनी शिष्यवृत्तीवर शिकले आणि शाळेत इतिहास शिकवू लागले. १९७९ मध्ये ते नगरसेवक झाले.

तिथली मतदानाची रीत जरा वेगळी आहे. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच खासदार जातात आणि मतदार उमेदवारांपुढं १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालतो. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार साधारण असंच मत देतात. त्यामुळं पक्ष पाठीशी नसला, तरी वस्तीत काम असलेल्या माणसाला तिथं वाट सापडते. फेब्रुवारी १९८२ मध्ये ग्रेगरी असेच खासदार झाले.

आणि निकाल असा लागला, की कुणालाच बहुमत नाही. सभागृह १६६ जणांचं. चार्ल्स हॉही यांच्या पक्षाला ८१ जागा, गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या पक्षाला ६३. उरलेल्या मोजक्या मतांवर सरकार ठरणार होतं. झालं, दोन्ही मोठे पुढारी या नवख्या मास्तरांशी बोलणी करू लागले.

ग्रेगरी एकटे बसले नाहीत. सोबत त्यांचा भाऊ आणि वस्तीत काम करणारे साथी होते. सगळ्यांनी मिळून मागण्यांची यादी केली. मंत्रिपद नको, स्वतःसाठी काही नको. वस्तीत ४४० नवी घरं, ५०० माणसांना काम देण्यासाठी ४० लाख पौंड, बंदराजवळची २७ एकर जागा सरकारनं ताब्यात घ्यावी, आणि असं बरंच. हॉही तयार झाले. पण तोंडी शब्दावर भागवलं नाही. कागद झाला, सही झाली, आणि साक्षीदार म्हणून एका मोठ्या कामगार संघटनेच्या सरचिटणीसानं सही केली. ९ मार्चला पंतप्रधान निवडताना ग्रेगरींनी तो करार भर सभागृहात वाचून दाखवला. त्याची नोंद झाली. आपण ठराव वहीत लिहून सगळ्यांसमोर वाचतो, तसंच.

टीका खूप झाली. एका मतासाठी सरकारला वेठीला धरलं, बाकीच्या गरीब वस्त्यांनी काय करायचं, असं लोक म्हणाले. हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. पण मोठे पक्ष आपापसांत वाटणी करतात तेव्हा तिला धोरण म्हणतात, हेही आहेच.

सरकार वर्षभरही टिकलं नाही, नोव्हेंबरात पडलं. काही घरं झाली, पुष्कळसं कागदावरच राहिलं. ज्या २७ एकरांसाठी एवढा आग्रह धरला, तिथं पुढं बँका आणि वित्त कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ऐकून वाईट वाटतं.

ग्रेगरी मात्र वस्तीतच राहिले. गळ्यात टाय न बांधता संसदेत बसायचे. आपल्या मतदारांपैकी कितीकांना टाय परवडत नाही, मग मी का लावू, असं त्यांचं म्हणणं. डब्लिनच्या बाजारात बायका लहान मुलांच्या ढकलगाडीवर फळं मांडून विकायच्या आणि परवाना नाही म्हणून पोलीस त्यांना उठवायचे. त्या बायकांसाठी ते रस्त्यावर बसले. 'पुन्हा असं करणार नाही' अशा हमीपत्रावर सही करायला नकार दिला, म्हणून १९८६ मध्ये खासदार असताना दोन आठवडे तुरुंगात राहिले. त्याच काळात वस्तीत हेरॉईन शिरलं होतं, पोरं मरत होती. विकणाऱ्यांची मालमत्ता जप्त करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. १९९६ मध्ये वेरोनिका गेरिन या पत्रकार बाईचा खून झाल्यावर सरकार हललं आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली.

२ जानेवारी २००९ ला कर्करोगानं ते गेले. तोवर ओळीनं आठ निवडणुका जिंकले होते, त्याही एका पंतप्रधानांच्याच मतदारसंघात. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोटनिवडणूक झाली. त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या शिक्षिका मॉरीन ओ'सलिव्हन उभ्या राहिल्या, अपक्षच, आणि निवडून आल्या.